काटा, फाइल आणि चार पॉइंटर

निपाणीतील या तंबाखूच्या वखारीत काट्यावर पोते चढते, आकडा स्थिरावतो आणि सीरियल केबलमधून ते वजन टेबलावरच्या संगणकात पोहोचते. हा संगणक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. वजन उतरवून घेणारा प्रोग्रॅम काट्याला ‘ओपन’ करतो, मग ‘रीड’ करतो. कालच्या वजनांची फाइल वाचतानाही तो याच दोन हाका देतो. समोर काटा आहे की डिस्क, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

माहिती कशी ठेवली आहे हे झाकायचे आणि तिच्यावर करता येणाऱ्या क्रिया तेवढ्या उघड्या ठेवायच्या, या कल्पनेला बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी १९७४ साली ‘ॲबस्ट्रॅक्ट डेटा टाइप’ या नावाने मांडले. बेळगाव-खानापूरकडची आपली मुले अभियांत्रिकीला ती स्टॅक (चळत) आणि क्यू (रांग) यांच्या निमित्ताने शिकतात. ती पेपरपुरतीच उरू नये असे मनापासून वाटते, कारण तिची खरी कसोटी कर्नलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये बसलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, लागते.

लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे आणि सीमध्ये माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारी क्लाससारखी सोय नाही. म्हणून कर्नल प्रत्येक उघडलेल्या फाइलला फंक्शन पॉइंटरांचा, म्हणजे कोणती क्रिया कुठे आहे हे सांगणाऱ्या पत्त्यांचा, एक तक्ता जोडतो. ‘रीड’ची हाक आली की त्या तक्त्यातले फंक्शन चालते, मग ते डिस्कचे असो वा सीरियल पोर्टचे.

कर्नलमधल्या याद्यांचे काम याहून नाजूक आहे. कर्नलच्या दुहेरी लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक घटक आपल्या पुढच्याचा आणि मागच्याचा पत्ता बाळगतो अशा यादीत, नवा घटक घालताना चार पॉइंटर क्रमाने बदलतात: पुढच्याचा ‘मागचा’, नव्याचा ‘पुढचा’, नव्याचा ‘मागचा’ आणि शेवटी मागच्याचा ‘पुढचा’. दोन बदलून झाले आणि तेवढ्यात इंटरप्ट (चालू काम थांबवणारी यंत्राची हाक) येऊन दुसऱ्या कोडने त्याच यादीला हात घातला, तर यादीतून उलट दिशेने येणारा कोड नव्या घटकापर्यंत पोहोचतो, पण तिथून मागे जाण्याचा पत्ता अजून लिहिलेलाच नसतो. म्हणून लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच यादीला हात लावू देणारे कुलूप, घ्यावा लागतो, प्रसंगी इंटरप्टही रोखावा लागतो. मात्र या साध्या यादीत लॉक नसतो. तो वापरणाऱ्यानेच आठवणीने घ्यायचा असतो, आणि विसरल्यास कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्याला अडवत नाही.

‘वेट क्यू’ची, म्हणजे एखाद्या घटनेची वाट पाहत झोपलेल्या प्रोग्रॅमांच्या रांगेची, रचना मला म्हणूनच अधिक पक्की वाटते: तिथे यादी आणि तिचा लॉक एकाच स्ट्रक्चरमध्ये बांधलेले आहेत आणि घटक घालणे, काढणे, जागे करणे ही कामे ठरलेल्या फंक्शनांतूनच होतात. वखारीतला प्रोग्रॅम ‘रीड’ करून याच क्यूत झोपलेला असतो. पुढचे पोते चढते, पोर्टवर अक्षरे येतात, इंटरप्ट होतो आणि कर्नल त्याला उठवतो.