तोतेन्को: एका दमाची बांग

आपल्याकडचा कोंबडा आरवतो आणि दोन-तीन सेकंदांत मोकळा होतो. आता हा ऐका. मनातल्या मनात आकडे मोजत राहा.

पंधरा झाले. सूर अजून तुटलेला नाही.

हा तोतेन्को. जपानच्या शिकोकू बेटावरच्या कोचीचा. जुन्या काळी या मुलखाला तोसा म्हणत. अंगाने सडपातळ, मानेवर लालसर सोनेरी पिसं, छाती काळी, शेपटी लांब. जपानमध्ये लांब आरवणाऱ्या नावाजलेल्या जाती तीन. उत्तरेचा कोएयोशी खर्जातला, निइगाताचा तोमारू काळाभोर, आणि तिघांत चढा आवाज या तोतेन्कोचा. पंधरा ते वीस सेकंद, एका दमात.

त्याच्याकडे नीट बघा. बांग सुरू होते तेव्हा मान उभी ताणलेली असते. दम सरत येतो तसा तो पुढे झुकतो, पण सूर सोडत नाही. हा आवाज गळ्यातून नव्हे, छातीतून येतो. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे पक्ष्यांचं स्वरयंत्र असतं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दुसरी बाजू दाखवली: उजाडलं नाही म्हणून कोंबडं आरवायचं राहत नाही. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा वेळ धरून आरवत राहिले. आरवण्याची वेळ शरीरातलं घड्याळ सांगतं. बांगेची लांबी मात्र रक्तातून येते, आणि ते रक्त पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी कानाने निवडलेलं आहे.

1936 मध्ये जपानने तोतेन्कोला नैसर्गिक स्मारकाचा, म्हणजे जपायच्या नैसर्गिक ठेव्याचा, दर्जा दिला. हा मान मोलाचाच. तरी जात टिकते ती पाळणाऱ्याच्या खुराड्यात, आणि तिथलं काम फार चिवट आहे. कारण कोंबडी आरवत नाही! कुठल्या तलंगेच्या वंशात लांब बांग आहे, हे तिची नर पिल्लं मोठी होऊन आरवेपर्यंत कळायला मार्ग नाही. तोवर एक पिढी उलटलेली असते. पक्षी मोजकेच, त्यामुळे नात्यातल्याच जोड्या लागण्याची भीती. तसं होत गेलं की अंड्यांतून पिल्लं कमी निघतात, आणि निघतात ती नाजूक. म्हणून नुसता खणखणीत नर सांभाळून भागत नाही. त्याची आई कोण, भाऊ कसे आरवतात, याची नोंद ठेवावी लागते, आणि वेळ आली की आपला सगळ्यात लांब आरवणारा नर दुसऱ्या पाळणाऱ्याच्या हवाली करावा लागतो.