वीस मिनिटांआधीचे बहात्तर तास

अध्यक्ष, शिक्षकमंडळी आणि एम. ए.च्या विद्यार्थ्यांनो, पत्रिकेत विषय छापलाय, ‘निरीक्षणात्मक संशोधनाची आखणी’. तिथे येतोच. पण आधी मला बालमानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थबद्दल बोलू द्या.

परीक्षेत त्यांची ‘स्ट्रेंज सिच्युएशन’, म्हणजे बाळाची आईशी असलेली जवळीक तपासणारा प्रयोग, लिहिलेल्यांनी हात वर करा. सगळेच! साधारण वीस मिनिटं, अनोळखी बाई, आई खोलीबाहेर जाते, परत येते. आता त्या वीस मिनिटांआधी काय झालं होतं, ते सांगा. बघा, हात खाली आले. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे संशोधन म्हणजे प्रश्नावली वाटायची, भरून घ्यायची, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची. मूल समोर असतं, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

एन्सवर्थ बघायला शिकल्या त्या लंडनला, आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बींकडे. तिथे जेम्स रॉबर्टसन यांच्या नोंदींनी त्या भारावल्या. हे रॉबर्टसन पूर्वी मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या लंडनमधल्या हॅम्पस्टेडच्या बालगृहात बॉयलर सांभाळायचे. पण तिथला नियमच होता, काम कुठलंही असो, प्रत्येकानं मुलांच्या नोंदी लिहायच्या. (आपल्या विभागात हा नियम आणला, तर पहिली चांगली वही शिपाईकाकांची निघेल, पैज लावतो.)

मग एन्सवर्थ युगांडात गेल्या. २६ कुटुंबं, दर दोन आठवड्यांनी दोन तास, सोबत दुभाषी. तिथल्या बायका दुपारी पाहुण्यांना बसवून घ्यायच्या, म्हणून भेटीची वेळ दुपारची. आखणी म्हणतात ती ही! रांगणारी मुलं आईपासून लांब जायची, वळून बघायची, परत यायची. आई दिसेनाशी झाली की रडायची.

१९६३ नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला पुन्हा २६ कुटुंबं घेतली. मूल ५४ आठवड्यांचं होईपर्यंत चार-चार तासांच्या १८ भेटी, म्हणजे घरटी सुमारे ७२ तास. तिथे मात्र घरात आई उठून गेली तरी मुलांना फारसं काही वाटेना, आईच्या ये-जा करण्याची त्यांना सवय होती. म्हणून अनोळखी खोलीची ती वीस मिनिटं रचावी लागली. आणि खरी गंमत पुढे आहे. आई परतल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणारी काही मुलं त्या खोलीत अगदी शांत, स्वावलंबी वाटली. घरच्या नोंदी उघडल्या, तर हीच मुलं घरी जास्त रडत होती! ७२ तास हाताशी नसते, तर आपण त्यांना धीट ठरवून मोकळे झालो असतो.

पाच मिनिटं राहिली म्हणताय? बरं, मूळ विषय भराभर घेतो.

काय टिपायचं ते आधी ठरवा. ‘आक्रमक’ असं लिहू नका. ‘ढकललं’, ‘चावलं’ असं लिहा. कुणाला किती वेळ बघायचं, यासाठी जीन ऑल्टमन यांचा निरीक्षणाच्या पद्धतींवरचा १९७४चा लेख वाचाच. दिसेल ते टिपत गेलात, तर दंगा करणारं मूल पानोपानी येतं आणि कोपऱ्यातलं गायब होतं. म्हणून एकेका मुलाला ठरलेला वेळ द्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदी कराव्यात. नुसती टक्केवारी जुळली यावर जाऊ नका, योगायोगानंही जुळते. कोहेन यांचा १९६०चा ‘कॅपा’ काढा, म्हणजे योगायोग वजा करून दोघांची जुळणी सांगणारा आकडा. नोंदी करणाऱ्याला तुमचं गृहीतक ठाऊक नसावं. पहिल्या एक-दोन भेटी मोजणीत धरू नका, मुलं तुमच्याकडेच बघत असतात.

आणि कार्यकारण, म्हणजे कशामुळे काय घडलं, हे ठरवताना जपून. आई लवकर उचलून घेते तिचं बाळ पुढे कमी रडतं, असं बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडलं. १९७७ मध्ये गेवर्ट्झ आणि बॉयड यांनी त्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा.

यंदा लघुप्रबंधाचा प्रस्ताव देण्याआधी रीतसर परवानगी घेऊन एखाद्या अंगणवाडीत आठवडाभर रोज तासभर बसा. वही माझ्याकडे आणा, मी वाचेन.