जबाब सांगणाऱ्याच्या तोंडचा हवा

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस ठाण्यातले जबाब बहुधा एकाच सुरात सुरू होतात : 'समक्ष विचारले असता सांगते की...' पुढे येतं, 'लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली.' बाई मात्र एवढंच म्हणालेली असते, 'त्यानं मला हाणलं.' कशानं, हातानं की काठीनं, हे विचारायचं राहून जातं आणि आधीच्या जबाबातलं ठरीव वाक्य तिच्या तोंडी बसतं. वैद्यकीय दाखल्यात काठीचा वळ असतो, जबाबात काठीच नसते. ती कोर्टात काठीचं सांगते, तेव्हा आरोपीचे वकील विचारतात, 'हे पोलिसांना का सांगितलं नाही?' वकिलांच्या भाषेत हे ओमिशन, म्हणजे जबाबात सांगायची राहून गेलेली बाब. बाब महत्त्वाची असेल, तर न्यायालय ती विसंगती धरू शकतं. खरं बोलणारी बाई खोटी ठरते.

वेळेचंही तेच. 'दिवेलागणीला आला' याचं '१९.०० वाजता' होतं आणि घरात घड्याळ नसलेल्या बाईला उलटतपासात मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो. 'दिवेलागणीला' असंच लिहावं, अंदाजे वेळ पुढे जोडावी. 'भाऊ' म्हटलं तर सख्खा, चुलत की मावस, तेही तिथल्या तिथे विचारावं.

म्हणून अंमलदारांनो, पहिली पाच-सात मिनिटं कळफलकाला हात लावू नका. सगळं ऐका, मग प्रश्न विचारा, मग लिहा. धमकीचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्या, शिवीसुद्धा.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारकडे भिली बोलणारी माणसं येतात. दुभाषा घ्यायचा तो आरोपीच्या नात्यातला नको आणि घरातलं शाळकरी पोर तर मुळीच नको; आईवरचा अत्याचार त्याच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे. दुभाष्याचं नाव, पत्ता, भाषा जबाबात नोंदवा. त्यानं एकेका वाक्याचं भाषांतर करावं, तेही 'ती म्हणते' असं नव्हे, तर 'मी' असंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, की तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची. साक्षीदाराच्या तपासातल्या जबाबावर मात्र त्याची सही घेत नाहीत. चूक पकडायला तिथे सहीचाही थांबा नसतो, म्हणून तोही सावकाश वाचून दाखवणं आम्हाला फार गरजेचं वाटतं. 'बरोबर आहे ना?' असं विचारू नका. खाकी वर्दीसमोर माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. 'मी काय लिहिलं, ते तुमच्या शब्दांत सांगा,' असं म्हणा. चूक असेल तर तिथंच कळते.

आणि फिर्याद द्यायला जाणाऱ्यांनो, वाचून दाखवताना न बोललेलं वाक्य ऐकू आलं, तर तिथंच थांबवा. 'साहेब, मी असं म्हणाले नाही,' एवढं पुरे. दुरुस्ती झाली की पुन्हा वाचून घ्या, सही त्यानंतर करा, आणि प्रत घेऊनच घरी जा.