स्टॅक संपतो तेव्हा: सी प्रोग्रॅममधला स्टॅक ओव्हरफ्लो कसा ओळखावा, कसा हाताळावा

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. प्रोग्रॅम पडताना ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश आला, तर तो आजचा विषय नव्हे. तिथे एखाद्या स्थानिक ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिलं गेलंय आणि स्टॅकवरची, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीसाठी राखलेल्या मेमरीतली, शेजारची माहिती बिघडली आहे. आज आपण बोलणार आहोत ते स्टॅकची जागाच संपण्याबद्दल. त्यात बहुधा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे दोनच शब्द दिसतात, शेलकडे १३९ हा कोड परत येतो आणि बाकी काही कळत नाही. ही दोन दुखणी निराळी आहेत. कंपायलरचा ‘स्टॅक प्रोटेक्टर’ हा पर्याय पहिल्यावरचा इलाज आहे, दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरीही तो लावून निर्धास्त झालेले लोक पुष्कळ भेटतात, म्हणून आधी सांगितलं.

बोलताना डोळ्यांसमोर ६४ बिटी लिनक्स, इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि जीसीसी कंपायलर ठेवतो.

प्रत्येक फंक्शन कॉलला स्टॅकवर एक फ्रेम लागते, म्हणजे त्या कॉलपुरता जागेचा एक कप्पा. मडक्यांच्या उतरंडीसारखीच ही रचना, फक्त ती वरच्या पत्त्याकडून खाली वाढत जाते. एक इंट घेऊन स्वतःलाच बोलावणारं (यालाच रिकर्शन म्हणतात) साधं फंक्शन ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलं, तर त्याची फ्रेम ३२ बाइटची होते: परतीचा पत्ता ८, आधीचा बेस पॉइंटर ८ आणि स्थानिक गोष्टींसाठी १६. मुख्य थ्रेडच्या (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधली कामाची एक स्वतंत्र साखळी) स्टॅकची मर्यादा बहुतेक लिनक्सवर ८ एमबी, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. भागाकार केला तर सुमारे २ लाख ६२ हजार पातळ्या मिळतात. आता त्याच फंक्शनमध्ये ४०९६ बाइटचा एक कॅरेक्टर ॲरे टाका. पातळ्या थेट २ हजारांवर येतात! म्हणून ‘माझं रिकर्शन फार खोल नाही’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. खोली गुणिले फ्रेम, हा गुणाकार सांगा.

हा गुणाकार बांधणीगणिक बदलतो. ऑप्टिमायझेशनचा -ओ२ पर्याय दिला की जीसीसी असं साधं रिकर्शन बऱ्याचदा लूपमध्ये बदलतो आणि स्टॅक वाढतच नाही. तोच प्रोग्रॅम डीबगसाठी -ओ० ने, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, बांधला की कोसळतो. मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावला तर फ्रेम्स आणखी फुगतात, त्यामुळे एरवी चालणारी खोलीही तिथे चालेनाशी होते.

मर्यादेबद्दलही गैरसमज आहेत. ‘युलिमिट -एस’ ही आज्ञा मुख्य थ्रेडची मर्यादा केबीमध्ये दाखवते, साधारणपणे ८१९२. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये नवे थ्रेड प्रोग्रॅम सुरू होतानाची हीच मर्यादा उचलतात. पण एखाद्याने चांगल्या हेतूने ती ‘अनलिमिटेड’ केली, तर या प्रोसेसरवर थ्रेडना फक्त २ एमबी मिळतात. मर्यादा उठवली आणि थ्रेडचा स्टॅक चौथ्या हिश्श्यावर आला, असा उलटा परिणाम. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते, तिथे थ्रेडचा मूळ स्टॅक १२८ केबी. डेबियनवर बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम अल्पाइनच्या कंटेनरमध्ये पडला की आधी हा आकडा आठवा. मॅकओएसवर दुय्यम थ्रेडला ५१२ केबी आणि विंडोजवर सर्वसाधारणपणे १ एमबी मिळतात. यावर उपाय एकच: थ्रेड तयार करताना ‘पीथ्रेड_ॲटर_सेटस्टॅकसाइझ’ने आकडा स्वतः द्या. ६४ एमबी मागितले म्हणून तेवढी रॅम लगेच खर्च होत नाही, मेमरीची जी पानं (४०९६ बाइटचे तुकडे) वापरली जातात तीच भरतात.

स्टॅक संपल्याचं कळतं कसं? थ्रेडच्या स्टॅकखाली एक पहारेकरी पान असतं, ४०९६ बाइटचं, वाचायला आणि लिहायला बंद. मुख्य थ्रेडच्या स्टॅकखाली कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मोकळी पट्टी राखून ठेवतो. तिथे हात लागला की सिगसेग्व्ह हा सिग्नल येतो. अडचण अशी की पहाऱ्यावरून उडी मारता येते. समजा, फंक्शनमध्ये २० एमबीचा स्थानिक ॲरे आहे आणि कोड त्याच्या दूरच्या टोकालाच पहिल्यांदा लिहितो. मधल्या पानांना स्पर्शच झाला नाही, तर ते लिखाण थेट पलीकडच्या कुठल्यातरी मेमरीत जाऊ शकतं. मग सिग्नल येत नाही, फॉल्ट येत नाही, माहिती गुपचूप बिघडते. २०१७ मध्ये क्वॉलिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘स्टॅक क्लॅश’ या नावाने या वाटेचे प्रत्यक्ष हल्ले दाखवले. त्यानंतर लिनक्स कर्नलने मुख्य स्टॅकखालची पट्टी एका पानावरून २५६ पानांवर, म्हणजे १ एमबीवर नेली. जीसीसी ८ पासून ‘-एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन’ हा पर्याय आहे. तो मोठी फ्रेम घेताना प्रत्येक पानाला एकदा स्पर्श करतो, म्हणून पहारा चुकवता येत नाही. काही वितरणांत तो आपोआप चालू असतो, तरी मेकफाइलमध्ये स्वतः लिहा. थ्रेडच्या स्टॅकखाली तर अजूनही एकच पान असतं, तिथे याची गरज जास्त.

आता पडलेल्या प्रोग्रॅमचं निदान. कोअर फाइल, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, जीडीबी या डीबगरमध्ये उघडा. नुसती ‘बीटी’ ही बॅकट्रेसची (कॉलची साखळी दाखवणारी) आज्ञा दिलीत तर लाखभर ओळी ओघळत राहतील. ‘बीटी २०’ द्या म्हणजे टोकाच्या २० फ्रेम दिसतील, आणि ‘बीटी -२०’ द्या म्हणजे मुळाकडच्या. टोकाला फंक्शनांचं तेच चक्र पुन्हा पुन्हा आणि मुळाशी पहिला प्रवेश कुठून झाला ते, एवढ्यात निम्मं काम होतं. मग थांबलेली सूचना पाहा: ‘एक्स/आय’ आणि पुढे डॉलर पीसी. ती पुश, कॉल किंवा स्टॅकवर लिहिणारी मूव्ह असेल, आणि फॉल्टचा पत्ता आरएसपी रजिस्टरमधल्या पत्त्याच्या, म्हणजे स्टॅकच्या सध्याच्या टोकाच्या, अगदी जवळ असेल, तर स्टॅकच संपला आहे. फॉल्टचा पत्ता शून्य किंवा शून्याच्या आसपास असेल, तर तो नल पॉइंटर समजा. आणखी एक खूण: एकच मोठा ॲरे दोषी असेल, तर बॅकट्रेस चार-पाच ओळींचाच असतो. ‘रिकर्शन तर कुठेच नाही’ म्हणून लोक इथेच फसतात.

पुन्हा चालवून पाहता येत असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर दोन्ही दुखण्यांना वेगळी नावं देतो: ‘स्टॅक-ओव्हरफ्लो’ आणि ‘स्टॅक-बफर-ओव्हरफ्लो’. मधला बफर हा शब्द नीट वाचा.

पण खरी तपासणी प्रोग्रॅम चालण्याच्या आधीची. ‘-एफस्टॅक-युसेज’ दिलं की जीसीसी प्रत्येक सोर्स फाइलमागे एक एसयू फाइल टाकतो. तीत फंक्शनचं नाव, फ्रेमचे बाइट आणि ‘स्टॅटिक’ किंवा ‘डायनॅमिक’ असा शेरा असतो. फाइल बाइटनुसार उतरती लावा आणि वरची दहा फंक्शनं वाचा. ज्या फ्रेमपुढे डायनॅमिक आहे आणि सोबत ‘बाउंडेड’ नाही, तिथे आकार चालताना ठरतो. म्हणजे ॲलोका (स्टॅकवर हवी तेवढी जागा घेणारं फंक्शन) किंवा बदलत्या लांबीचा ॲरे. त्या लांबीचा आकडा बाहेरून येत असेल, तर स्टॅक बाहेरच्याच्या हाती गेला. ॲलोका जागा नसताना नल देत नाही, तो सरळ पाडतो. लिनक्स कर्नलचं उदाहरण घ्या. तिथे या प्रोसेसरवर प्रत्येक टास्कला जेमतेम १६ केबी स्टॅक मिळतो. ६४ बिटी बांधणीत २०४८ बाइटपेक्षा मोठ्या फ्रेमवर इशारा देण्याची मूळ मांडणी आहे, आणि बदलत्या लांबीचे ॲरे २०१८ पर्यंत कोडमधून काढून टाकले गेले. आपल्या प्रोग्रॅमला ८ एमबी असले, तरी ‘-डब्ल्यूफ्रेम-लार्जर-दॅन’ आणि ‘-डब्ल्यूव्हीएलए’ हे दोन इशारे लावायला काय हरकत आहे? एसयू फाइल एकेका फ्रेमचं वजन सांगते, रिकर्शनची खोली मात्र कुठलाच कंपायलर सांगू शकत नाही. ती आपणच बांधायची.

खोली बांधण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मोजणी: प्रत्येक पातळीला एकने वाढणारा आकडा, आणि हद्द ओलांडली की नेहमीच्या वाटेने त्रुटी परत. जेसनसारखा मजकूर वाचणाऱ्या पार्सरमध्ये हे नसेल, तर १ लाख उघडे चौकटी कंस असलेली फाइल द्या. ती १०० केबीसुद्धा भरत नाही आणि अनेक रिकर्सिव्ह पार्सर तेवढ्यावर पडतात. याहून नेमकी पद्धत पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस वापरतो, आणि माझ्या मते ती प्रत्येक सी प्रोग्रॅमरने शिकावी. सुरुवातीला स्टॅकच्या मुळाचा पत्ता जपून ठेवायचा. खोल जाऊ शकणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी सध्याचा पत्ता घ्यायचा आणि वजाबाकी करायची. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती क्वेरी रद्द होते, सर्व्हर चालू राहतो. तिथली मूळ मर्यादा २ एमबी आहे आणि ती वाढवायची असेल तर खऱ्या स्टॅकपेक्षा साधारण १ एमबी कमी ठेवा, असा त्यांचाच सल्ला आहे. या पद्धतीत फ्रेम किती मोठी, याची चिंता उरत नाही. पत्ता घ्यायला ‘बिल्टिन_फ्रेम_ॲड्रेस’ वापरा, कारण सॅनिटायझर कधीकधी स्थानिक चल स्टॅकबाहेर ठेवतो. वजाबाकी पॉइंटरची नको, ‘युइंटपीटीआर_टी’ या पूर्णांकात बदलून करा.

काही ठिकाणी रिकर्शनच नको. लिंक्ड लिस्ट मोकळी करायला लूप पुरतो. क्विकसॉर्टमध्ये लहान भागावर रिकर्शन आणि मोठ्यावर लूप केला, की १० लाख घटकांना २० च्या आसपास पातळ्या लागतात. हे न केल्यास आणि पहिलाच घटक पिव्हट (विभागणीचा घटक) धरल्यास, आधीच क्रमाने लावलेल्या यादीवर त्या १० लाखांपर्यंत जातात.

एवढं करूनही फॉल्ट आला तर? सिगसेग्व्हला हँडलर लावायचा, हे सगळ्यांना सुचतं. पण हँडलरसुद्धा एक फंक्शनच, त्यालाही फ्रेम लागते आणि स्टॅक तर संपलाय. कर्नलला सिग्नलची माहिती ठेवायला जागा मिळत नाही, मग तो प्रोसेस मारून टाकतो. हँडलर चालतच नाही. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, पर्यायी स्टॅक आधी तयार हवा. ‘सिगऑल्टस्टॅक’ने तो नोंदवायचा आणि ‘सिगॲक्शन’मध्ये तीन खुणा द्यायच्या: ‘एसए_ऑनस्टॅक’, ‘एसए_सिगइन्फो’ आणि ‘एसए_रीसेटहँड’. पहिली विसरलात तर पर्यायी स्टॅक नुसता पडून राहतो, ही हमखास होणारी चूक.

आकार किती? जुन्या पुस्तकांतला ‘सिगस्टकसाइझ’ हा ८१९२ चा स्थिरांक आता पुरेसा धरू नका. प्रोसेसरच्या एव्हीएक्स-५१२ या सूचनासंचाची मोठी रजिस्टरं जपायला सिग्नलची फ्रेमच २ केबीच्या वर जाते. जीलिबसी २.३४ पासून गरजेनुसार हा आकडा चालताना ‘सिसकॉन्फ’ला विचारला जातो. ६४ केबी एममॅपने घ्या, खालच्या टोकाला एक पान बंद करून ठेवा आणि निश्चिंत व्हा.

हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, मॅलॉक नको. आधीच तयार असलेली ओळ ‘राइट’ने २ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे त्रुटींच्या वाटेवर, लिहायची. स्टॅकच संपला की दुसरं काही, हे ठरवायला ‘एसआय_ॲडर’मधला पत्ता आणि तिसऱ्या पॅरामीटरमधून मिळणारा आरएसपी ताडून पाहायचा. थ्रेडच्या स्टॅकची हद्द ‘पीथ्रेड_गेटॲटर_एनपी’ देतं, पण ते हँडलरमध्ये बोलावण्याजोगं नाही. थ्रेड सुरू होतानाच विचारून ठेवा. मग हँडलरमधून सरळ परत या. रीसेटहँडमुळे मूळ वर्तन पुन्हा लागू झालेलं असतं, तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट येतो आणि कोअर फाइल अचूक त्या जागेची मिळते. ‘अबॉर्ट’ बोलावलात तर कोअरमध्ये हँडलरच्या फ्रेम्स वर येतात आणि सिग्नलही बदलतो.

पर्यायी स्टॅक प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो. मुख्य थ्रेडमध्ये केलेली नोंद नव्या थ्रेडला मिळत नाही, आणि अपघात बहुधा त्या लहान स्टॅकवरच होतात. म्हणून थ्रेडच्या पहिल्या ओळीत नोंद, आणि संपण्याआधी ‘एसएस_डिसेबल’ देऊन मेमरी परत.

हँडलरमधून ‘सिगलाँगजंप’ने बाहेर उडी मारून प्रोग्रॅम पुढे चालवावा का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. स्टॅक नेमका मॅलॉकच्या आत, कुलूप धरलेलं असताना संपला असेल, तर उडी मारल्यावर ते कुलूप कोणीच सोडत नाही आणि पुढचा मॅलॉक कायमचा अडकतो. अर्धवट बदललेली यादी, अर्धवट लिहिलेली फाइल, हेही तसंच मागे राहतं. जीएनयूची लिबसिगसेग्व्ह ही लायब्ररी अशी सुटका करून देते आणि क्लिस्पसारखा लिस्पचा इंटरप्रिटर ती वापरतो. पण तिथे कुठल्या क्षणी काय धरलेलं आहे याचा हिशोब लेखकांनी आधीच केलेला असतो. सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये तो हिशोब नसतो. तिथे हँडलरने फक्त निदान करावं आणि प्रोसेस जाऊ द्यावी.

मायक्रोकंट्रोलरवर पहारेकरी पान बहुधा नसतंच. फ्रीआरटॉस या मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘कॉन्फिगचेकफॉरस्टॅकओव्हरफ्लो’ २ ठेवला, की कर्नल टास्कच्या स्टॅकमध्ये ए५ हा बाइट भरून ठेवतो आणि टास्क बदलताना शेवटचे १६ बाइट तपासतो. ही तपासणी नुकसान झाल्यानंतरची असते. म्हणून ‘हाय वॉटर मार्क’ विचारणारं फंक्शन चाचणीत रोज चालवा. ते किमान किती जागा उरली होती ते सांगतं, पण शब्दांत, बाइटमध्ये नव्हे. ३२ बिटी चिपवर त्याला ४ ने गुणा.

चाचणीबद्दल शेवटचं. सगळ्या चाचण्या एकदा ‘युलिमिट -एस ५१२’ लावून चालवा, जिथे स्टॅक उधळला जातो त्या जागा लगेच उघड्या पडतील. हँडलरची चाचणीही मुद्दाम स्टॅक संपवूनच करा. त्या फंक्शनमध्ये व्होलटाइल ॲरे ठेवा आणि रिकर्सिव्ह कॉलनंतर तो वाचा, नाहीतर -ओ२ त्या रिकर्शनचा लूप करून टाकेल. मुख्य थ्रेडवर एकदा आणि दुय्यम थ्रेडवर एकदा, दोन्ही वेळा तुमची ओळ दिसली पाहिजे आणि शेलला १३९ मिळाला पाहिजे. ओळ न दिसता १३९ आला, तर त्या थ्रेडवर पर्यायी स्टॅक नोंदवायचा किंवा ‘एसए_ऑनस्टॅक’ द्यायचा राहिला आहे.