हुकूम कोणाचा?

नमस्कार मंडळी. आपल्या इथल्या, ब्रिटनमधल्या मंडळाच्या गेल्या गणपतीतल्या नाटकात मला दोनच वाक्यं होती आणि तीही प्रॉम्प्टरने म्हटली, म्हणून आज कागद घेऊन उभा आहे.

उन्हाळ्यात आम्ही ठाण्याला होतो, नौपाड्यात, बाबांकडे. एका दुपारी लाईट गेले, मागोमाग वायफाय गेलं आणि बाबांनी कपाटावरून पत्त्यांचा कॅट काढला. मी, बाबा आणि माझी लेक. तिघं म्हणजे पाच-तीन-दोनच. दुर्रीपासून छक्क्यापर्यंतची पानं बाजूला, सत्त्या फक्त इस्पिक-बदामच्या, प्रत्येकी दहा पानं. पाच हात लेकीवर आले. पहिली पाच पानं बघून तिनं हुकूम बोलायचा होता. ती गप्प.

बाबा म्हणाले, "हुकूम म्हणजे काय, माहीत आहे ना?"

"हो आजोबा. बाबा मराठीत देतो ते."

बाबा इतके हसले की त्यांची सगळी पानं आम्हाला दिसली. मला काही हसू आलं नाही.

सावरून म्हटलं, अगं, हुकूम म्हणजे ट्रम्प. तर ती तोंडावर हात ठेवून खिदळायलाच लागली. इथल्या शाळांत पोरं त्या शब्दाचा कोणता अर्थ घेतात ते पालकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांनी चहाच्या वेळी विचारावं, मी माईकवर सांगणार नाही.

खरं तर शब्द खानदानी आहे. 'ट्रायम्फ'चा घासून झालेला ट्रम्प. १५२९ साली केंब्रिजमध्ये ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने पत्त्यांच्या 'ट्रायम्फ' या खेळावर प्रवचनच दिलं होतं, आणि त्यात हुकूम बदामाचा होता. एखाद्याकडून आशा नसताना त्याने बाजी मारली तर इंग्रज म्हणतो, तो 'टर्न्ड अप ट्रम्प्स'. त्यांच्याकडे विजय, आपल्याकडे फर्मान. पण आपला हुकमाचा एक्का, हुकमी फलंदाज, यांत दरारा कुठे आहे? तिथे भरवसा आहे.

माझ्या घरात मात्र दराराच उरलाय. तुमच्याही. मघाशी कार पार्कमध्ये ऐकलं ना मी! "बूट घाल. आवर लवकर. काकूंना नमस्कार कर." सगळं शुद्ध मराठीत. आणि शाळेत कोण भांडलं, पोट का दुखतंय, ते सगळं इंग्रजीत. वर मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून आपणच गळे काढतो.

लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून बसलेले ग्रुप आठवा. "भिडूचं पान मारतोस होय रे?", "मेंढी गेली की!" गणपतीच्या जागरणात तर काय, रात्रभर टोमणे, लाडीगोडी, धडधडीत खोटं. पत्त्यांवरची मराठी हुकूम सोडून सगळं बोलते. आठवडाभराने माझी लेक आजोबांना ठणकावत होती, "रडीचा डाव खडी!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, शेजारच्या पोराकडून तिनंच उचललं.

म्हणून पुढच्या मेळाव्यात मुलांसाठी पत्त्यांची टेबलं मांडायचं घाटतंय. लगेच सूचना आली: टेबलावर इंग्रजी शब्द निघाला की डब्यात एक पाउंड. म्हणजे आला पुन्हा हुकूम! बरं, नियम नाही केला तर दुसऱ्या हाताला सगळी इंग्रजीत सुरू होतील, हेही मला दिसतंय. कार्यकारिणीत तीन विरुद्ध तीन मतं पडली आहेत. सातवं माझं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.