दोन इंच फोम आणि १९२ मतं

मित्रहो, शोकसभेत एक वाक्य हमखास येतं: ‘असा माणूस पुन्हा होणे नाही.’ मीही ते बोललो आहे, डोळ्यांत पाणी असताना बोललो आहे. ते दुःख खोटं नसतं. पण अलीकडे ते वाक्य घशात अडकतं. ते म्हणताना आपण गेलेल्याला देव्हाऱ्यात बसवतो आणि त्याला मत द्यायची वेळ होती तेव्हा आपण काय केलं, हे विसरून जातो.

प्रा. मधु दंडवते १२ नोव्हेंबर २००५ रोजी गेले. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना सेकंड क्लासच्या लाकडी फळ्या आठवत असतील. घरून सतरंजी न्यायची, ती चौपदरी घालायची, तरी पहाटे उठताना पाठीवर पट्ट्यांचे वळ असायचेच. १९७७ साली हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक रेल्वेमंत्री झाला आणि त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात झाली. दोन इंच! त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली, जिला फर्स्ट क्लासचा डबाच नव्हता. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. समाजवाद म्हणजे काय, हे मला पुस्तकांआधी त्या बाकड्यानं सांगितलं.

कोकणातल्या राजापूरनं त्यांना पाच वेळा लोकसभेत पाठवलं आणि १९९१ साली पाडलं. ज्या कोकण रेल्वेसाठी त्यांनी उभी हयात खर्च केली, ती १९९८ साली पूर्ण धावू लागली तेव्हा ते कोकणचे खासदार नव्हते. गेल्यावर देहसुद्धा त्यांनी जे. जे. रुग्णालयाला दिला. आपण अग्रलेख लिहिले, सभा घेतल्या. त्या सभांतून १९९१ चा उल्लेख मी तरी ऐकला नाही. मीही केला नाही, याची मला आज लाज वाटते.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडे या. गणपतराव देशमुख, लोकांचे आबा, ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गेले. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी कधी खाली ठेवला नाही. सत्तेची हवा कुठेही वाहो, पक्ष बदलला नाही. एसटीनं फिरणारे आमदार म्हणून त्यांचं कौतुक होतं. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुष्काळी भागाच्या पाण्यासाठीची त्यांची चिकाटी, आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं उभं राहणं. मागणी तीच, निवेदन तेच, पुढच्या वर्षी पुन्हा.

११ वेळा निवडून आले, हे सगळे सांगतात. पण ११ वेळा कुणी निवडून दिलं? पैसे वाटणारा उमेदवार समोर असताना, जातीची गणितं मांडणारे गावात फिरत असताना, बटण दाबायच्या आधी शिक्का मारायच्या काळापासून कुणीतरी दर वेळी तसं ठरवलं. तत्त्वनिष्ठ पुढारी आभाळातून पडत नाही हो, त्याला तालुका सांभाळतो. आबांसाठी शोक करायचा तर त्या बाया-बापड्यांची नावंही घेतली पाहिजेत, आणि ती कुणीच लिहून ठेवलेली नाहीत.

त्या तालुक्याचंही कधी चुकलं. १९९५ साली आबा पडले, १९२ मतांनी. एका लग्नाच्या मांडवात याहून जास्त माणसं जेवतात. पुढची चार वर्षं ते घरी बसले नाहीत, पाण्याची निवेदनं चालूच राहिली. १९९९ साली सांगोल्यानं त्यांना परत मुंबईला पाठवलं.