रस्ता तिथे चार्जर

(लातूरमधल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘इलेक्ट्रिक कार : शाप की वरदान’ असा छापलाय. मी संयोजकांना फोनवर ‘जलद चार्जिंगच्या जाळ्यातला असमतोल’ असं सांगितलं होतं. ते म्हणाले, सर, त्या नावानं पहिल्या दोन रांगासुद्धा भरणार नाहीत. सभागृह भरलंय, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता. तेव्हा पत्रिकेतल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो : वरदान. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी बाहेर चहा घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी मी माझा विषय सुरू करतो.

चिठ्ठीवर हमखास येणारे दोन प्रश्नही निकालात काढू. ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ कंपनी सांगते त्यापेक्षा कमी, आणि एसी लावून, चार माणसं नि डिकीत तूरडाळीचे कट्टे घालून निघालात तर आणखी कमी. ‘पावसात शॉक बसतो का?’ नाही. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं तोंड, गाडीला लावल्यावर गाडी आणि यंत्र आधी एकमेकांशी बोलतात, इन्सुलेशन तपासतात, सगळं ठीक असेल तरच वीज सुटते. घरातल्या गिझरपेक्षा ही व्यवस्था जास्त सावध असते. मी आयुष्यभर वीज शिकवली, गिझरची भीती अजून गेलेली नाही.

तर जाळं. शहरातल्या माणसाला जलद चार्जर फारसा लागतच नाही, हे आधी लक्षात घ्या. तो रात्री पार्किंगमध्ये गाडी लावतो, सकाळी भरलेली मिळते. जलद चार्जर लागतो तो गाव सोडून निघालेल्याला. अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या मुक्कामापुरती वीज हवी, तर ती डीसी, म्हणजे थेट बॅटरीत वीज सोडणाऱ्या, यंत्रानंच मिळते. म्हणजे यंत्रांची खरी गरज रस्त्यावर, आणि रस्ता जितका आडवळणाचा तितकी जास्त. यंत्रं मात्र कुठं बसतात? राज्याचं २०२१चं विजेच्या गाड्यांचं धोरण काढून बघा. २०२५पर्यंतची शहरवार उद्दिष्टं होती : मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. यादी संपली. लातूर कुठंय म्हणून मी कागद उलटून पाहिला. (हशा) हसू नका, तुमच्याच गावाचं चाललंय. महामार्गही होते त्यात : मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, नाशिक–पुणे, मुंबई–नागपूर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. विजेचीही वाघीण मागवायची असेल तर आत्ताच अर्ज करून ठेवा.

आता एक प्रसंग सांगतो. संयोजक म्हणाले होते, अनुभव सांगा, लोकांना आवडतं. थोडा लांबेल.

भाचीच्या लग्नाला पुण्याहून इकडेच येत होतो. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, म्हणजे नोव्हेंबर. सोलापूर हायवेला काळजी नसते, टेंभुर्णीपर्यंत हॉटेलांच्या आवारात यंत्रं आहेत. टेंभुर्णीला डावीकडे कुर्डुवाडीच्या रस्त्याला वळलात की अ‍ॅपवरचे ठिपके विरळ होतात. बार्शीच्या पुढं एक हिरवा ठिपका दिसत होता. हिरवा म्हणजे चालू. सौभाग्यवती म्हणाल्या, टेंभुर्णीलाच भरून घ्या. मी म्हटलं, ठिपका हिरवा आहे. ह्या वाक्यावर आमच्या घरात अजून कर घेतला जातो.

पंपावर पोचलो. यंत्र होतं, हवा भरायच्या जागेच्या मागं, पत्र्याखाली. केबल जमिनीवर पडलेली, गनच्या तोंडात माती. पडद्यावर इंग्रजीत ‘इमर्जन्सी’. हवा भरणारा पोरगा लांबूनच म्हणाला, “बंद हाय काका ते. पोरांनी बटण दाबलंय.”

“कधी?”

“पोळ्याच्या आधी.”

यंत्राच्या पोटावर एक लाल, गोल टोपीचं बटण असतं. आग लागली, कुणाला करंट बसला तर दाबायचं. दाबलं की आत अडकून बसतं. सोडवायला काय लागतं? चिमटीत धरून उजवीकडं फिरवायचं, टक् असा आवाज येतो, बटण बाहेर. ना पाना, ना इंजिनिअर. एवढ्यासाठी ते लाखो रुपयांचं यंत्र पोळ्यापासून दिवाळी ओलांडून उभं होतं. मी हात पुढं केला तर पोरगा धावत आला. “हात लावू नका, मॅनेजर माझ्यावर ओरडतील. ते आमचं नाय.” मॅनेजरना विचारलं. तेही म्हणाले, “आमचं नाही सर, जागा फक्त आमची.” त्यांची परवानगी घेऊन मी बटण फिरवलं. टक्. पडदा उजळला. आणि गंमत बघा, पोळ्यापासून हिरवा असलेला अ‍ॅपवरचा ठिपका यंत्र चालू झाल्यावर राखाडी झाला!

मग हेल्पलाइन. पलीकडचा मुलगा अतिशय सभ्य. “सर, स्टेशन आयडी बताइए.” आयडीचं स्टिकर उन्हानं पांढरं पडलेलं. मी म्हटलं, बार्शीच्या पुढं. त्यानं बार्शीचं स्पेलिंग विचारलं. मग म्हणाला, तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. मी म्हटलं, बाळा, लग्न उद्या आहे. त्यानं तिकडून यंत्र बंद-चालू केलं, ठिपका हिरवा झाला. मग वॉलेट. किमान रक्कम भरल्याशिवाय गन सुटत नाही, आणि रक्कम भरायचा ओटीपी यायला मोबाइलची रेंज फक्त संडासाच्या भिंतीपाशी. लग्नाचा सदरा घालून मी त्या भिंतीला टेकून उभा. ह्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर आहे.

शेवटी चार्जिंग सुरू झालं. तोपर्यंत माणसं जमली होती. एका शेतकऱ्यानं विचारलं, “किती पॉवरचं मशीन?” मी म्हटलं, साठ किलोवॉट. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, “म्हंजी पाचच्या पंधरा-सोळा मोटरी. आमचा अख्खा डीपी.” बरोबर सांगितलं. पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॉटची. शिवारातला डीपी बहुतेकदा ६३ किंवा १०० केव्हीएचा. “आन् आमाला आठ तास लाइट, त्यातबी पाळी रात्रीची.” मी चाळीस मिनिटं तिथं उभा होतो, ह्याला उत्तर सुचलं नाही.

आता यात दोष कुणाचा, ते पाहू. यंत्र एकाचं, जागा पंपवाल्याची, अ‍ॅप तिसऱ्याचं, वीज महावितरणची. पंपवाल्याला त्या यंत्रातून दमडी मिळत नाही, तो बटण कशाला फिरवील? आणि ज्यानं यंत्र उभारलं त्याचं अनुदान उभारण्याला आहे. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत २०२३च्या मार्चमध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्थानकांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण यंत्र उभं राहिलं की आकडा भरतो. पोळ्यापासून झोपलेलं यंत्रही त्या आकड्यात असतंच. त्याआधीच्या लाटेतली पंधरा किलोवॉटची ‘भारत डीसी’ यंत्रं तर अनेक ठिकाणी नुसती उभीच राहिली, कारण गाड्या तोवर सीसीएस-२ ह्या वेगळ्या प्रकारच्या गनकडे गेल्या. तोंडच वेगळं. त्यावर मी तासभर बोलू शकतो—

(अध्यक्षांची चिठ्ठी आली.) दहा मिनिटं राहिलीत म्हणे. बरं. म्हणजे ज्यासाठी आलो ते आता पळतपळत.

मुद्दा असा. आडरस्त्यावर यंत्र का बसत नाही, तर हिशेब बसत नाही. समजा दिवसाला चार गाड्या आल्या, प्रत्येकीनं पंचवीस युनिट घेतली, आणि युनिटमागं सहा रुपये सुटले. दिवसाचे सहाशे, महिन्याचे अठरा हजार. त्यातून जागेचं भाडं, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता. शिवाय मागणी आकार, म्हणजे वीजबिलातली ठरलेली रक्कम, ती गाडी आली तरी, नाही आली तरी. मोठा भार हवा तर एचटी, म्हणजे उच्च दाबाची, लाइन ओढा, ट्रान्सफॉर्मर बसवा. एक्स्प्रेस-वेवर ती लाइन जवळ असते, आडरस्त्यावर नसते. मग गाड्या नाहीत म्हणून यंत्र नाही, आणि यंत्र नाही म्हणून लोक गाडी घेत नाहीत. आधी लगीन कोंढाण्याचं की रायबाचं, हे ठरवणारा कुणीतरी लागतो.

आपल्याकडं ठरवणारा कुणी नाही. केंद्रानं २०१८च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळं परवाना लागत नाही. उत्तम निर्णय. कुणीही दुकान टाकावं. पण दुकानं बाजारपेठेत टाकतात, माळावर नाही. त्याच डिसेंबरात मार्गदर्शक सूचना आल्या : शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक, महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक. राज्याच्या २०२५च्या धोरणातही महामार्गांवर पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. अंतर लिहिलंय. ते भरून काढायचं कुणी, ते लिहिलेलं नाही.

श्रीमंत देशातही हेच होतं. नॉर्वे घ्या, तिथं २०२४मध्येच नव्या दहा गाड्यांतल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या. त्यांनी २०१५पासून मुख्य रस्त्यांवर दर पन्नास किलोमीटरला जलद चार्जर बसवायला पैसे दिले. सगळीकडं निविदा भरल्या. अगदी उत्तरेच्या फिनमार्कसाठी कुणी भरली नाही. अनुदान असूनही. बाजार तिथं थांबतो.

आपल्याला ह्याचं उत्तर परदेशातून आणायची गरज नाही, ते बसस्टँडवर उभं आहे. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर पहिली एसटी निघाली. पुढं प्रवासी वाहतूक महामंडळाकडं आली ती ह्या बोलीवर, की पुणे-मुंबईचं भरलेलं तिकीट हवं तर अहेरीची रिकामी गाडीही सोडायची. एका मार्गाच्या फायद्यातून दुसऱ्याचा तोटा. एसटीचे हाल मला माहीत आहेत, चिठ्ठी पाठवू नका. पण तालुक्याच्या गावाला गाडी गेली ती ह्याच हिशेबानं. त्याच १ जूनला, २०२२मध्ये, त्याच पुणे–नगर रस्त्यावर विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. म्हणजे त्या मार्गावर एसटीनं विजेची सोय केलीच की!

माझं म्हणणं चार्जिंगलाही हेच लावा. एक्स्प्रेस-वेवरची, समृद्धीवरची जागा सुटी विकू नका. गठ्ठा करा. समृद्धीवरच्या चार जागा हव्यात तर बीड, हिंगोली, सिरोंचाकडच्या दोन त्याच निविदेत घ्या, नाहीतर समृद्धीही नाही. हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीनं २०२१ साली कायदा करून हेच केलं. ग्रामीण-शहरी सुमारे नऊशे जागा तेवीस प्रादेशिक गठ्ठ्यांत बांधून निविदा काढल्या, २०२३मध्ये कंत्राटं दिली. चांगली जागा आणि पडीक जागा एकाच कागदावर.

आणि पैसे उभारणीला कमी, चालण्याला जास्त द्या. अमेरिकेनं केंद्राच्या पैशातल्या यंत्रांना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली, ब्रिटननं जलद चार्जरच्या जाळ्यांना ९९ टक्क्यांची. आपण नव्वदपासून सुरू करू, पण बिलाशी बांधू. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी दोन हजार कोटी आहेत, म्हणजे प्रश्न पैशाचा नाही. यंत्र बसवायचं एसटी स्टँडच्या आवारात : रात्रभर दिवा, चौकशीची खिडकी, कॅन्टीन, वॉचमन, आणि बहुतेक स्टँड गावाच्या फीडरजवळ. आगारात विजेच्या बसेससाठी मोठी लाइन येईल, त्यातलीच एक गन कुंपणाबाहेर काढायची.

मराठवाड्यापुरता गठ्ठ्यांचा कच्चा नकाशा करून आणलाय, बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी लावलाय. उदगीर–देगलूरचा रस्ता कुठल्या गठ्ठ्यात बांधायचा, ते माझं अजून ठरत नाही. सभागृहात एसटीचे कुणी चालक-वाहक असतील, निवृत्त असले तरी चालेल, त्यांनी जाताना त्यावर पेननं खुणा करून जा. पेन तिथंच दोऱ्यानं बांधलेलं आहे.